‘पालकांच्या विनंतीवरून’ शाळा सोडणारी मुले

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांमध्ये वावरताना मी असे जे दाखले पाहिले, त्यांपैकी बहुतेकांवर या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले होते आणि ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ असा शेरा होता. ज्या मुलाच्या वागण्यामुळे वर्ग चालवणे अशक्य झाले आहे असे मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षभर ऐकवले गेले, त्याची वर्तणूक दाखला हातात पडताना चांगली कशी होते, आणि ज्या पालकांनी शाळेत ठेवून घेण्यासाठी हात जोडले, तेच काढून नेण्याची विनंती करणारे कसे ठरतात, याचा खुलासा शिक्षण खात्याने कोणाकडे मागितल्याचे मला माहीत नाही. हे पत्र त्याविषयी आहे. माझा बारा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे आणि तो सर्वसाधारण मराठी शाळेत शिकतो, एवढी माझी ओळख पुरेशी आहे.

हा रकाना असाच का भरला जातो, याचे कारण कायद्यात सापडते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होण्याआधी कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. १९९५च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांत तिचा उल्लेखही नव्हता. या नव्या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या आणि शासनमान्य अशा सर्वच शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आहेत आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवायचे आहे. थोडक्यात, मुलाला काढून टाकण्याची वाट कायद्याने बंद केली आहे. म्हणून शाळा ती वाट पालकांकडूनच उघडून घेतात, आणि अर्जावर सही पालकांची असल्यामुळे पुढे चौकशी करायला काही उरत नाही.

सही एका दिवसात होत नाही. प्रथम डायरीत शेरे येतात, मग दुपारी फोन येऊ लागतात की आज तो फारच अस्वस्थ आहे, घेऊन जा. हळूहळू मधल्या सुट्टीपर्यंतच पाठवा असे सांगितले जाते आणि हजेरीपटावर मात्र पूर्ण दिवस लागतो. सहल, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा या दिवशी ‘त्याला त्रास होईल’ म्हणून घरी ठेवण्याची सूचना येते. त्यानंतर सोबत बसणाऱ्या मदतनीस बाईंची, म्हणजे ज्यांना आता सगळेच ‘शॅडो टीचर’ म्हणतात त्यांची, अट येते. त्यांचा पगार पालकांनी द्यायचा असतो आणि त्या आजारी पडल्या तर मुलानेही त्या दिवशी आजारी पडायचे असते. ज्यांना पगार देणे परवडत नाही, त्या मुलांच्या आया वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहतात. अशा कितीतरी आयांच्या नोकऱ्या त्या पायरीवर सुटल्या आहेत. शेवटी वर्गातील इतर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा होते, सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे जातो आणि मग अतिशय सौम्य शब्दांत सांगितले जाते, ‘आम्ही तर ठेवून घेऊ हो, पण तुमच्याच मुलाचे नुकसान होईल.’ या वाक्यानंतर फार थोडे पालक भांडायला शिल्लक राहतात.

या सगळ्या प्रवासात शिस्त हा शब्द सतत वापरला जातो, म्हणून शिस्तीबद्दलच थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. स्वमग्न मूल वर्गात किंचाळते, बाकाखाली जाऊन बसते, ढकलते, चावते, स्वतःचे डोके भिंतीवर आपटते किंवा दाराबाहेर पळत सुटते, हे खरे आहे. ते नाकारून कोणाचेही भले होणार नाही. पण त्याच्यामागे काय असते? आपल्या शाळेचा दिवस त्या मुलाच्या कानांनी ऐकून पाहावा. ध्वनिवर्धकावरचा परिपाठ, पत्र्याच्या शेडमध्ये घुमणारी घंटा, साठ मुलांनी एका सुरात म्हटलेले पाढे, शिजणाऱ्या खिचडीचा वास, बाकावर खेटून बसलेला सोबती, गणवेशाच्या कॉलरचे टोचणारे लेबल, आणि या सर्वांवर कडी म्हणजे वेळापत्रकात मराठी लिहिलेले असताना ऑफ तास म्हणून अचानक वर्गात आलेले अनोळखी शिक्षक. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष सुधारले, तेव्हा आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांबाबतची अति किंवा अत्यल्प संवेदनशीलता त्या निकषांत स्पष्टपणे समाविष्ट केली. पालकांना ही गोष्ट त्याआधीपासून ठाऊक होती. ज्या मुलाला ‘मला इथे असह्य होते आहे’ असे वाक्य जुळवता येत नाही, ते हातपायांनी तेच सांगत असते.

हट्ट आणि उद्रेक यांत फरक आहे. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो. उद्रेक मात्र कोणी पाहत असो वा नसो, वस्तू मिळो वा न मिळो, आपली वेळ घेऊनच ओसरतो, आणि त्यानंतर मूल थकून झोपून जाते. स्वमग्न मुले हट्टही करतात. करू नये असा नियम नाही. कित्येकदा एकातून दुसरे सुरू होते आणि घरच्यांनासुद्धा पटकन ओळखता येत नाही. पण हट्टाला लागू पडणारा उपाय उद्रेकाला लावला की तो वाढतो. भर उद्रेकात मोठ्या आवाजात केलेली लांबलचक कानउघाडणी म्हणजे आधीच असह्य झालेल्या आवाजांत आणखी एका आवाजाची भर असते. त्या वेळी कमीत कमी शब्द, शक्य तेवढी शांत जागा आणि इतर मुलांना थोडे दूर नेणे, एवढेच करण्यासारखे असते. शिकवण्याची वेळ नंतर येते.

शाळांच्या नेहमीच्या शिक्षा या मुलांच्या बाबतीत कशा उलट फिरतात, हे समजून घ्यायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. गोंगाटाने त्रासलेल्या मुलाने शेजाऱ्याला ढकलले आणि त्याला वर्गाबाहेर उभे केले, तर त्याला हवी असलेली शांतता मिळाली. दुसऱ्या दिवशी शांतता हवी झाली की तो पुन्हा ढकलेल, कारण हाच मार्ग चालतो हे शाळेनेच त्याला शिकवलेले असते. चावल्यावर आईला फोन करून घरी पाठवले जात असेल, तर चावणे ही घरी जाण्याची रीत ठरते. याच्या जोडीला खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून घेण्याची शिक्षा आहे. ज्या एका तासात मूल धावून, झोके घेऊन किंवा रंगात रमून स्वतःला सावरते, तोच तास हिरावल्यावर पुढचे दोन तास कसे जातील याचा अंदाज कोणालाही करता यावा.

आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेने याबाबत केलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. आठवड्यातील एका ठरावीक वारी त्याच्या तक्रारी जास्त येतात हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी साध्या वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडले, त्याने काय केले, आणि त्यानंतर काय झाले. वर्तनतज्ज्ञांच्या शास्त्रात हीच नोंद पायाभूत मानली जाते, पण बाईंनी ती आपल्या अनुभवावरून सुरू केली होती. थोड्याच आठवड्यांत उलगडा झाला की त्या वारी खालच्या मैदानावर लेझीम पथकाचा सराव असे आणि हलगीचा पहिला ठोका पडल्यावर काही मिनिटांतच प्रसंग घडे. सराव बंद करण्याची मागणी आम्ही केली नाही आणि करूही नये. त्या तासापुरते त्याला ग्रंथालयात पुस्तके क्रमांकाप्रमाणे लावण्याचे काम मिळाले, तो सराव सुरू होण्याआधीच तिकडे जाऊ लागला आणि ‘मला बाहेर जायचे आहे’ असे लिहिलेले एक कार्ड त्याच्या कंपासपेटीत ठेवण्यात आले. ते दाखवले की पाच मिनिटे बाहेर जाता येते. सुरुवातीला तो ते कार्ड उठसूट दाखवी. मग गरजेपुरते दाखवू लागला. यासाठी शाळेचा खर्च एका वहीचा आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्याचा झाला.

आता पालकांबद्दल. मुलाने चारचौघांत आरडाओरडा केला की पहिली नजर आईकडे वळते, आणि हे आपल्याकडेच होते असे नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेची वैद्यकीय ओळख करून दिली, त्यानंतरची दोन दशके पाश्चात्त्य जगात आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते हे मत प्रतिष्ठा पावलेले होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते मत खोडून काढले आणि १९७७ मध्ये फोलस्टीन व रटर यांनी जुळ्या भावंडांवर केलेल्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा पुढे आणला. तरीही आपल्याकडे आजही ‘नोकरी करणाऱ्या आईने मोबाईल हातात दिला म्हणून झाले’ असे नातेवाईक, शेजारी आणि अधूनमधून डॉक्टरही सांगतात. लहान मुलांना तासन्‌तास पडद्यासमोर बसवू नये हे बरोबरच आहे, पण त्याचा आणि या दोषारोपाचा संबंध जोडणे हे आईवर अन्याय करणारे तर आहेच, शिवाय त्याने निदानाला उशीर होतो. हाक मारल्यावर न बघणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे ही चिन्हे दीड-दोन वर्षांच्या वयात दिसू शकतात. तेव्हा ‘आमच्या घरात सगळे उशिराच बोलले’ असे म्हणून जी वर्षे जातात, ती पुढे भरून काढताना फार कष्ट पडतात.

‘दोन ठेवून द्या, सुतासारखा सरळ होईल’ हा सल्ला न मिळालेला पालक मला भेटलेला नाही. मारल्याने काय साधते? मूल त्या माणसाला घाबरते आणि तो माणूस नसेल तिथे पूर्वीसारखेच वागते, कारण काय करू नये हे कदाचित कळले तरी त्याऐवजी काय करावे हे कोणी शिकवलेले नसते. याचा अर्थ या मुलांना नियम नकोत असा मुळीच नाही. स्वमग्न आहे म्हणून त्याने काहीही केले तरी चालेल, असे मानणारे पालकही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी माझा तितकाच मतभेद आहे. या मुलांना इतरांपेक्षा जास्त नियम लागतात. फक्त ते थोडक्यात, ठामपणे आणि रोज तसेच असावे लागतात. ‘पळू नकोस’ यापेक्षा ‘चालत ये’ हे लवकर समजते. ‘नीट वाग’ याचा अर्थ त्याला लागत नाही; ‘हात मांडीवर ठेव’ याचा लागतो. दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावलेला असला, आधी अंघोळ आणि मग झोपाळा असे डोळ्यांना दिसत असले, बदल होणार असेल तर तो आधी सांगितला गेला, तर निम्मे खटके उडतच नाहीत. ओरडल्यावर एकदा वस्तू दिली आणि दुसऱ्या दिवशी दिली नाही, तर तिसऱ्या दिवशी ओरडणे दुप्पट होते. आजी-आजोबा असलेल्या घरात हे सांभाळणे किती अवघड आहे, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

नियम ठरवताना मूल मोठे होणार आहे, हे लक्षात ठेवावे लागते. पाच वर्षांचा मुलगा कोणाही पाहुण्याच्या गळ्यात पडतो, तेव्हा सगळ्यांना तो प्रेमळ वाटतो. तेराव्या वर्षी त्याच वागण्याची तक्रार होते आणि अठराव्या वर्षी ते प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाऊ शकते. कोणाला मिठी मारायची, कोणाला नमस्कार करायचा, कपडे कुठे बदलायचे, दार केव्हा लावायचे, हे इतर मुले पाहून शिकतात. आमच्या मुलांना ते तुकड्या-तुकड्याने, चित्रांनी आणि शेकडो वेळा सांगून शिकवावे लागते. शाळेत शिक्षिका कौतुकाने जवळ घेतात आणि घरी आम्ही हात मिळवायला शिकवतो, असे झाले तर मूल गोंधळते. म्हणून घराची आणि शाळेची शिस्त कागदावर एक असली पाहिजे. परदेशी शाळांमधून आपल्याकडे आलेली आणि आपल्या विशेष शिक्षकांनाही प्रशिक्षणात शिकवली जाणारी वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची पद्धत यासाठीच आहे. परंतु बहुसंख्य सर्वसाधारण शाळांत हा आराखडा एक तर नसतो, किंवा असला तर त्यात फक्त अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी असते. वागणुकीचे पान त्यात नसते, आणि शाळेतून जाण्याची वेळ तर वागणुकीवरूनच येते.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमानित करणे हा २०१६च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. बोलणारे मूल घरी येऊन सांगते की आज सरांनी मारले. न बोलणारे मूल सकाळी गणवेश अंगावर चढवू देत नाही. काही मुले कानावर पडलेली वाक्ये त्याच सुरात पुन्हा म्हणतात. एका आईला आपल्या मुलाच्या तोंडून रात्री ‘खोलीत कोंडून ठेवीन’ हे वाक्य दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात ऐकू आले होते. त्यावर तक्रार करायला पुरावा काय? अशा मुलांच्या बाबतीत काही घडले तर त्याच दिवशी पालकांना लेखी कळवण्याचे बंधन शाळेवर असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शिक्षकांच्याही हिताचे आहे, कारण लेखी नोंद नसल्यामुळे निष्कारण संशयही घेतला जातो.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. शिक्षणहक्क कायद्यातील पहिली ते पाचवी तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर आहे. शहरातील कितीतरी अनुदानित शाळांच्या तुकड्यांत साठ-साठ मुले बसतात. त्यात निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे आणि शालेय पोषण आहाराचा हिशेब. बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणाचा विषय आला आहे, पण एक विषय उत्तीर्ण होऊन वर्गातला उद्रेक हाताळता येत नाही. तिथे बाजूला उभे राहून दाखवणारा माणूस लागतो, आणि तोच आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. आपल्या राज्यात समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर तालुकाभर फिरून काम केले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्यास मान्यता दिली, हे स्वागतार्ह आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात. त्या सर्व शाळांतील अंध, कर्णबधिर, मतिमंद, अध्ययन अक्षम आणि स्वमग्न अशा सर्व मुलांसाठी मिळून एक शिक्षक असेल, तर स्वमग्न मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादा तास आला तरी नशीब म्हणायचे. आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळांचे काय? कायद्याचे बंधन त्यांच्यावरही आहे, परंतु तेथे विशेष शिक्षक नेमला आहे की नाही, हे मान्यता देताना किंवा तिचे नूतनीकरण करताना गांभीर्याने तपासले जाते, असा आमचा अनुभव नाही.

इतर पालकांची काळजी समजते. आपल्या मुलाच्या हाताला चावल्याचा वळ दिसल्यावर कोणतीही आई शांत राहणार नाही, मीही राहिले नसते. त्यांनी शाळेला जाब जरूर विचारावा, पण तो असा विचारावा की मदतीचा माणूस का नाही, आराखडा कुठे आहे. त्या मुलाला काढा, ही मागणी करण्याचा अधिकार त्यांना नाही.

याच संदर्भात गृहाधारित शिक्षणाच्या वाढत्या शिफारशींबद्दलही लिहायला हवे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. २०१६च्या कायद्याचे कलम ३१ हे लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत अथवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. दोन्ही ठिकाणी निवड मुलाची व पालकांची आहे. विशेष शाळांना मी कमी लेखत नाही. काही मुलांसाठी त्याच उत्तम असतात आणि तेथील शिक्षकांकडून आम्ही खूप शिकलो आहोत. परंतु जिल्ह्याच्या गावाबाहेर स्वमग्न मुलांसाठी अशी शाळा मिळणे दुरापास्त आहे, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी सर्वसाधारण शाळेचे दार बंद झाले की मूल घरात बसते. नाव पटावर, मूल घरात आणि आठवड्यातून एकदा येणारे कोणी नाही, याला गृहाधारित शिक्षण म्हणता येणार नाही.

शासनाने काय करावे, यासाठी नवा कायदा लागत नाही. यूडायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहिती प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते आणि दिव्यांगत्वाचा प्रकारही त्यात भरला जातो. विद्यार्थी शाळा सोडतो तेव्हा त्याचे नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये टाकले जाते, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि लिपिकाला माहीत आहे. दिव्यांग म्हणून नोंद असलेल्या मुलाचे नाव तेथे गेले की गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांच्या आत पालकांना शाळेबाहेर भेटावे, विनंती खरोखर त्यांची होती का हे विचारावे आणि मूल आता कुठे शिकते आहे याची खात्री करावी. दाखल्याचा अर्ज मंजूर करण्यापूर्वी शाळेने कोणत्या सोयी करून पाहिल्या, विशेष शिक्षकांना केव्हा बोलावले आणि वागणुकीच्या नोंदी काय सांगतात, याचे टिपण जोडणे सक्तीचे करावे. ज्या शाळेने खरेच प्रयत्न केले आहेत, तिला हे टिपण लिहायला अर्धा तास लागेल. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. शालेय शिक्षण विभागाने त्यांच्याबरोबर बसून एका परिपत्रकाने हे करता येण्यासारखे आहे.

यात एक अडचण पालकांच्या बाजूने आहे आणि ती झाकून ठेवू नये. अनेक पालक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढत नाहीत. मुलावर शिक्का बसेल, बहिणीच्या लग्नात अडथळा येईल, मोठा झाल्यावर सुधारेल अशा कारणांनी निदानाची फाइल कपाटात राहते आणि शाळेच्या नोंदीत ते मूल नुसतेच ‘खोडकर’ असते. प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) नसेल तर परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक, निरामय आरोग्य विमा, आणि वर सांगितलेला कलम ३१ चा हक्क, यांपैकी बहुतेक काही मागता येत नाही. जिल्हा रुग्णालयातील रांग, पुन्हा पुन्हा घातलेले हेलपाटे आणि गर्दीत बिथरलेले मूल हा त्रास खराच आहे. स्वमग्न मुलांसाठी ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ देऊन तपासणी ठेवली तर तो बराच कमी होईल. पण त्रास आहे म्हणून कागद न काढणे हे शेवटी मुलाच्याच मुळावर येते.

ज्यांना सध्या दाखल्याचा अर्ज लिहून द्यायला सांगितले जात आहे, त्या पालकांना एवढेच सुचवेन की शाळेचे म्हणणे तोंडी न घेता लेखी मागावे, ते मिळाले नाही तर झालेल्या बोलण्याचा मजकूर आपणच पत्राने मुख्याध्यापकांना कळवून पोच घ्यावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यावी. अर्ज द्यावाच लागला, तर कारण आपल्या अक्षरात खरे लिहावे. आणि शिक्षण विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासून, दिव्यांग म्हणून नोंदलेल्या किती मुलांची नावे वर्षभरात पटावरून कमी झाली, त्यांपैकी किती दुसऱ्या शाळेत दाखल झाली आणि किती कुठेच नाहीत, हे आकडे दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार व तालुकानिहाय दर मे महिन्यात जाहीर करावेत, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, सांगली
(मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)